बाळंतिणीचा सोमवार

शांतादेवी : ...आणि हा दोरा असेल, तर याला डोकं कसं आहे?

मन्मथप्पा : दोऱ्यालाही टोक असतंच की. तू चष्मा लावून बघितलंस का?

शांतादेवी : चष्मा लावूनच बघितलं, म्हणून तर चहा ओतून दिला. लाल आहे. कडी-कडीचं अंग आहे. आणि माझ्या गाळणीत आहे. या घरात आजवर अंड्याचं टरफल आलं नाही, अहो.

मन्मथप्पा : चहा चांगला झाला होता पण.

शांतादेवी : तुम्ही प्यायलात?

मन्मथप्पा : पहिला कप. तोवर हे दोऱ्याचं प्रकरण निघालं नव्हतं.

शांतादेवी : थोड्या वेळात राधाकिशन जीप घेऊन दारात उभा राहील. उद्या पौर्णिमा. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपुढं उभं राहायचंय, तुमचं नावसुद्धा त्यांच्यावरून ठेवलंय, आणि तुम्ही पोटात काय घेऊन निघालात?

मन्मथप्पा : पोटात नाही गं. ते गाळणीत राहिलं. गाळणीचं कामच ते.

शांतादेवी : विषय बदलू नका. किती दिवस झाले, मी बघतेय. गाळणी सकाळी मी उठायच्या आत ओली. देवघराशेजारची छोटी वाटी दुकानात सापडते. शाल गायब. टँकरचा पत्ता नाही, प्यायला जार विकत आणतो, आणि दोन म्हातारी माणसं असून जार बघता बघता रिकामे. मी म्हटलं, यांना साखरेचा आजार झाला असेल, म्हणून एवढं पाणी लागतंय. काळजीनं झोप उडाली माझी.

मन्मथप्पा : साखरेचं काही नाही. तेवढी काळजी सोड.

शांतादेवी : मग हे काय आहे?

मन्मथप्पा : न्याहारी.

शांतादेवी : कुणाची?

मन्मथप्पा : सहकारी संस्थेची.

शांतादेवी : कुठल्या सहकारी संस्थेची?

मन्मथप्पा : आपल्या त्रिंबकच्या. मत्स्य व्यवसाय सहकारी संस्था, मर्यादित.

शांतादेवी : तळं आटून तिसरं साल. पोरं तिथं क्रिकेट खेळतात. तिला न्याहारी कशाला?

मन्मथप्पा : तळं आटलं, संस्था कुठं आटली? संचालक मंडळ पुरं आहे. वार्षिक सभा वेळेवर होते. मागच्या खेपेला तर तळ्यातच भरली, बसायला ऐसपैस जागा. अध्यक्ष त्रिंबक बिनविरोध. उणीव होती ती फक्त माशांची. आता तेही आहेत. दोन.

शांतादेवी : ती काचेची पेटी! गोदामातली! तुम्ही मला म्हणालात, त्रिंबक ऊसतोडीला गेलाय, पेटी नुसती ठेवून गेलाय.

मन्मथप्पा : ठेवूनच गेलाय. मासे आत ठेवून गेलाय. संस्थेच्या खोलीची लाईट कापली. आपल्याकडं इन्व्हर्टर आहे, आइस्क्रीमचा फ्रीजर आहे. ठरलं असं, की लाईट माझी आणि किडे त्याचे. खाऊ घालायला त्याचा भाऊ होता, शहादेव. पण मुकादमाला टोळीत एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, कमी पडला. शहादेव आणि त्याची बायको, दोघं रातोरात गाडीत बसले. मग किडे माझ्याकडं आले.

शांतादेवी : किडे.

मन्मथप्पा : थिजवलेले.

शांतादेवी : फ्रीजरमध्ये. मटारशेजारी.

मन्मथप्पा : मटारच्या खाली. मटार वर ठेवलेत, मानानं.

शांतादेवी : आणा इकडं. माझ्या हातात द्या.

मन्मथप्पा : धर. हे असं पान येतं, गोळ्यांच्या पाकिटासारखं. चांदीच्या कागदात एकेक वडी. एक दाबून काढायची, वाटीत टाकायची, वर पेटीतलंच पाणी. गरम पाणी नाही, घाई नाही. आधी नुसता जास्वंदाच्या रंगाचा बर्फ. मग कड सुटते. मग एकेक तंतू मोकळा होतो, पाण्यात पसरतो, वाटी भरून जाते. पहिल्या दिवशी मी खुर्ची ओढून बसलो गं. गिऱ्हाईक हाका मारून परत गेलं.

शांतादेवी : काय बघत बसलात एवढं?

मन्मथप्पा : मेलेलं काही इतकं देखणं कसं असतं, ते. मग लाल पाणी गाळून टाकायचं, नाहीतर पेटी नासते. त्यासाठी गाळणी.

शांतादेवी : दुकानात गाळण्यांची माळ लटकतेय.

मन्मथप्पा : त्या विकायच्या आहेत.

शांतादेवी : अहो, गळ्यात लिंग आहे तुमच्या. सकाळी हातावर घेऊन पूजा करता. त्याच हातानं हे?

मन्मथप्पा : पूजा डाव्या हातावर. हे उजव्या हाताचं काम. आणि मी मारत नाही. ते मरूनच येतात, पार परदेशातून. मी फक्त वाढतो. वाढप्याला कुठं पाप लागतं?

शांतादेवी : ते उद्या स्वामींनाच विचारा. आणि जारचं पाणी पेटीत ओतता, या दिवसांत?

मन्मथप्पा : बोअरचं जड पाणी त्यांना सोसत नाही. थोडं काढायचं, थोडं घालायचं. काढलेलं वाया जात नाही, परसातल्या बेलाला घालतो. आख्ख्या नांदूरघाटात तुझाच बेल हिरवा आहे. तू म्हणालीस, महादेवाची कृपा.

शांतादेवी : ...ती पानं मी रोज वाहते.

मन्मथप्पा : महादेवाची तक्रार नाही आली अजून.

शांतादेवी : माझी आली, समजा. जीप यायच्या आत हे पान घराबाहेर गेलं पाहिजे. गाळणीसकट, वाटीसकट. मासे कुणाला द्यायचे त्याला द्या. नाहीतर मी कपिलधारला एकटी जाते आणि तिथूनच मल्लम्माकडं जाते, लेकीच्या घरी तरी चहा गाळून मिळेल.

मन्मथप्पा : थांब, त्रिंबकचाच फोन. मोठ्यानं लावतो. लपवण्यासारखं काही राहिलं नाही आता.

त्रिंबक : अप्पा! आवाज येतोय का? फडात हाय मी, मोळी टाकून आलोय, मुकादम बघायलाय. झटक्यात सांगा. हायती का?

मन्मथप्पा : आहेत, आहेत.

त्रिंबक : पिल्लं? पोहायली का? अंगावर चढली का?

मन्मथप्पा : कालपासून. मला आपलं दिसतं, धूळ बसल्यासारखी.

त्रिंबक : चढली! मंजुळे, चढली गं! अगं टाक तो कोयता, हिकडं ये! अप्पा, दोन बारीला अंडी घातली अन् दोन्ही बारीला त्येंनीच खाऊन टाकली. मला वाटलं ही बी खेप गेली. औरंगाबादचा तो दुकानदार म्हणलाय, पिल्लं जगवून दाखीव, सगळी मी घेतो, वर दुसऱ्या जोड्या देतो. ही जगली ना अप्पा, तर पुढल्या दसऱ्याला म्या कोयता धरत न्हाई. मंजुळा बी न्हाई. पोरं म्हाताऱ्यांपाशी टाकून यायची पाळी न्हाई. काय खाल्लं आज? किती वड्या घातल्या?

मन्मथप्पा : आज नाही घातल्या.

त्रिंबक : न्हाई म्हंजी?

मन्मथप्पा : आज सोमवार.

त्रिंबक : मंग?

मन्मथप्पा : मग काय? आमच्या घरात सोमवारी उपास असतो. तूच म्हणाला होतास, मोठ्या माशाला आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं ठेवलं तर मानवतं. मी सोमवार धरला. पहिल्या सोमवारी भिजवलेला साबुदाणा घालून बघितला, पण त्यांनी उपास कडकच केला.

त्रिंबक : अप्पा! येडे झालात का हो! तवाचं निराळं! आता पाजायलीत ती!

मन्मथप्पा : काय करतायत?

त्रिंबक : पाजायलीत! पिल्लं अंगावर उगी बसली का? कातड्यातनं चिकट सुटतंय त्येंच्या, दुधावानी. त्येच चाटून जगत्यात. दुसरं काय बी जात न्हाई त्येंच्या तोंडात. आईच्या पोटात न्हाई, तर अंगाला कुठनं येणार? अन् भूक लई झाली तर पिल्लंच गिळतील, मागल्यावानी. कावून उपास घातला हो बाळंतिणीला?

शांतादेवी : काय म्हणाला तो?

त्रिंबक : कोण? काकू हायत का तिथं? अप्पा, तुमी म्हणले हुते काकूला सांगायचं न्हाई...

शांतादेवी : त्रिंबक, मी ऐकतेय. काय म्हणालास? मासा पाजतो?

त्रिंबक : पाजतो काकू. सगळा मासा न्हाई. ह्यो एक जातच तसली. म्या तळ्यावर जन्म काढला, माझा आजा तळ्यात बुडी मारून मासा सांगायचा, पर असलं कुणी बगितलं न्हवतं. पयल्यांदा ऐकलं तवा मला बी खोटंच... हॅलो... काकू... हॅ...

मन्मथप्पा : गेला. रेंज नसते फडात.

शांतादेवी : बाळंतिणीला उपास घातलात.

मन्मथप्पा : मला काय माहीत? मला वाटलं, पोरं आपली अंगाखांद्यावर खेळतायत.

शांतादेवी : स्वतःची बाळंतपणं काढली, लेकींची काढली, सुनेचं काढलं. कधी कुणाला उपास घातला मी? शिवरात्रीलासुद्धा? खारीक कुटली, डिंक तळला, शेपू समोर बसून खायला लावला. आणि तुम्ही माझ्याच घरात, भिंतीपलीकडं, एका मुक्या जिवाला सोमवार करायला लावलात? चला. दाखवा मला.

मन्मथप्पा : बघवेल का तुला?

शांतादेवी : चला म्हणते ना.

(गोदाम. खिडकी नाही. साखरेच्या रिकाम्या पोत्यांमागे काचेची मोठी पेटी, तिच्या अर्ध्या अंगावर शाल, वर एक मंद दिवा.)

शांतादेवी : ही तुमची शाल.

मन्मथप्पा : थंडी सोसत नाही त्यांना. हिटर आहे आत, पण इन्व्हर्टर दुपारनंतर मान टाकतो.

शांतादेवी : केवढाले आहेत हो. मला वाटलं होतं बोटाएवढे असतील. हे तर आरतीच्या ताटलीएवढे. आणि रंग... कुणी काढलाय हा रंग? पण हिच्या अंगाला काय झालंय? खरूज?

मन्मथप्पा : जवळ जाऊन बघ.

शांतादेवी : धूळच आहे की. ...हलतेय. अहो, धूळ हलतेय.

मन्मथप्पा : हं.

शांतादेवी : धुळीला डोळे आहेत.

मन्मथप्पा : हं.

शांतादेवी : टोचतायत तिला. दोन्ही कुशींना लटकून टोचतायत, आणि ती हलत नाही. बघा कशी थांबलीय. पदर घेऊन बसल्यासारखी.

मन्मथप्पा : आता बघ. आता ती अंग झटकेल. ...झटकलं!

शांतादेवी : अगं बाई! सगळी त्याच्या अंगावर गेली! एकदम! एकसुद्धा मागं राहिलं नाही!

मन्मथप्पा : ती दमली की त्याच्याकडं, तो दमला की तिच्याकडं. कालपासून बघतोय मी. म्हणजे त्रिंबक म्हणतो ते खरं असेल, तर बापाच्या अंगालाही सुटतं ते.

शांतादेवी : बापाच्या?

मन्मथप्पा : बापाच्या.

शांतादेवी : यातला बाप कुठला?

मन्मथप्पा : तेच ओळखता येत नाही. दोघं सारखेच दमलेले दिसतात.

शांतादेवी : बघा. नीट बघून घ्या.

मन्मथप्पा : बघतोय गं. काल त्यासाठीच दुकान लवकर बंद केलं.

शांतादेवी : ...हे काय झालं? लाईट गेली?

मन्मथप्पा : गेली. आणि इन्व्हर्टरही बसला. अगं, अंधार नको! त्रिंबकनं बजावलंय, मंद उजेड कायम पाहिजे. अंधारात पिल्लं सुटली तर त्यांना आईबाप सापडत नाहीत. बॅटरी कुठंय?

शांतादेवी : कपिलधारच्या बॅगेत, तळाशी. थांबा.

मन्मथप्पा : कुठं निघालीस? अगं, पोत्यांना अडखळशील!

शांतादेवी : ...हं. धरा.

मन्मथप्पा : ही देवघरातली समई आहे.

शांतादेवी : मग? देवाला अंधारात दिसतं. धरा दोन्ही हातांनी, तेल सांडेल. काचेला टेकवू नका. थोडी खाली. हं... आहेत का? मला दिसत नाहीत. अहो, मला दिसत नाहीत!

मन्मथप्पा : ती कोपऱ्यात बघ. फिरतायत.

शांतादेवी : या. इकडं या. उजेडाकडं या. ...एक आलं. चिकटलं. आली, आली. सगळी आली परत.

मन्मथप्पा : मी श्वास धरून ठेवला होता.

शांतादेवी : सोडा आता. वडी घाला त्यांना.

मन्मथप्पा : माझ्या हातात समई आहे. दोन्ही हातांत.

शांतादेवी : मग मी घालू?

मन्मथप्पा : मी कुठं तसं म्हणालो? पण ते पान मघापासून तुझ्याच मुठीत आहे. बोटं बघ.

शांतादेवी : ...लाल झालीत.

मन्मथप्पा : कडेच्या वड्या सुटल्यात. एकदा सुटल्या की परत थिजवायच्या नसतात, नासतात. बाकीचं पान घट्ट असेल, ते फ्रीजरमध्ये ठेवता येईल. या दोन आत्ताच घालाव्या लागतील, नाहीतर टाकून द्याव्या लागतील.

शांतादेवी : टाकायच्या कशाला? वाटी कुठंय?

मन्मथप्पा : पेटीच्या मागं. गाळणी तू आणलीसच. ...तुला किळस येत नाही?

शांतादेवी : येते. ...बहात्तर साली मला आटलं होतं.

मन्मथप्पा : हं.

शांतादेवी : मल्लम्मा तान्ही. विहिरी गेल्या, म्हशी गेल्या, आणि मग माझंही गेलं. सासूबाई म्हणायच्या, रडू दे, रडून झोपेल. तळ्याकाठी त्रिंबकची आई होती, बायनाबाई. तिला हा त्रिंबक झाला होता. मी दुपारी, सरकार दुष्काळात वाटायचं ती सुकडी आणायला म्हणून निघायचे आणि तिच्या खोपटात जायचे. एका मांडीवर तो, एका मांडीवर आपली. हे मी कुणाला सांगितलं नाही कधी. तुम्हालाही नाही.

मन्मथप्पा : मला माहीत होतं.

शांतादेवी : काय?

मन्मथप्पा : अगं, सुकडी आणायला जायचीस आणि रिकाम्या हातानं यायचीस. पोरगी जाताना किंचाळायची आणि येताना झोपलेली असायची. मी दुकानदार आहे. काय गेलं, काय आलं, एवढं कळतं.

शांतादेवी : इतकी वर्षं बोलला नाहीत?

मन्मथप्पा : तू बोलली नव्हतीस. म्हटलं, असेल काही कारण.

शांतादेवी : बायनाबाई तेव्हा काय खात होती, ते मी विचारलं नव्हतं. तळ्यात चिखल राहिला होता, त्यात हाताला लागेल ते ती खात होती. खोपटात वास असायचा. मी तोंड फिरवून बसायचे. माझं तोंड. पोरीचं नाही फिरवलं.

मन्मथप्पा : समई जरा जवळ आणतो, वाटीत दिसेल तुला.

शांतादेवी : एवढी पुरे. सुटलं का हे, बघा.

मन्मथप्पा : सुटलं. लाल पाणी काढ. आता चिमटी-चिमटीनं. संपेल तेवढंच, वर घालायचं नाही.

शांतादेवी : भरवायचं कसं ते मला शिकवू नका. ...घे गं. घे. ...अहो, ती येत नाही. बघते, पण येत नाही.

मन्मथप्पा : तुझा हात ओळखीचा नाही.

शांतादेवी : हाताचं नाही. पोरं अंगावर घेऊन कशी येईल? हं... तो सरकला तिच्याजवळ. बघा, बघा, अंग घासलं. पोरं त्यानं घेतली. आता आली ती. खाल्लं! हातातून खाल्लं हो! पुन्हा घे. ...आता ती चालली माघारी.

मन्मथप्पा : पोरं परत तिच्याकडं.

शांतादेवी : आणि तो आला जेवायला. पाळीनं जेवतायत, अहो. कुणी शिकवलं यांना? कुठल्या देशातले, कुठल्या पाण्यातले, आणि आपल्या साखरेच्या पोत्यांमागं पाळीनं जेवतायत.

राधाकिशन : अप्पा! काकू! चला की! जीप लागलीय, माणसं खोळंबलीत!

मन्मथप्पा : राधाकिशन आला बाहेर. काय करायचं?

शांतादेवी : राधाकिशन, तू हो पुढं रे! आम्हाला नाही जमत! घरात बाळंतीण आहे!

राधाकिशन : आँ? कोण बाळंत झालं काकू?

शांतादेवी : दोघंही! निघ तू! समाधीवर आमचा नमस्कार सांग!

मन्मथप्पा : संध्याकाळच्या आत ही बातमी केजपर्यंत जाणार.

शांतादेवी : जाऊ द्या. फोन वाजतोय, घ्या.

मन्मथप्पा : समई.

शांतादेवी : माझेही हात ओलेत. ...थांबा, पदराला पुसते. हॅलो.

त्रिंबक : अप्पा! रेंज गेलती, म्या बांधावर चढून बोलायलोय. घातलं का? खाल्लं का त्येंनी? अप्पा, मघाशी तोंडातून गेलं, राग मानू नगा, पर माझा जीव हिकडं थाऱ्यावर न्हाई...

शांतादेवी : मी बोलतेय.

त्रिंबक : काकू? अप्पा कुठंयत?

शांतादेवी : समई धरून उभे आहेत. लाईट गेलीय. खाल्लं दोघांनी, पिल्लं अंगावर आहेत. वड्या मी घातल्या.

त्रिंबक : तुमी? काकू, तुमी तुमच्या हातानं...

शांतादेवी : इकडचं मी बघते रे. तू जेवलास का?